मपलं आणि आपलं

मराठीत मुद्रणदोषांवर जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी विनोदी आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. विशाखदत्ताच्या नाटकातील मुद्रा ही अंगठीची आणि राक्षस हा नंदांचा अमात्य. त्या दोघांचा शाईशी किंवा खिळ्यांशी काडीचा संबंध नाही. तरीही छापखान्यातल्या चुकीला 'मुद्राराक्षस' हे नाव कोणीतरी एकदा दिले आणि ते असे चिकटले की आज मराठीच्या विद्यार्थ्याला चूक आधी आठवते आणि नाटक नंतर. दिवाळी अंकांतील पानपूरके, संपादकांच्या आठवणी, निवृत्त मुद्रितशोधकांची भाषणे यांतून या राक्षसाच्या लीला आपण चवीने ऐकतो. वाचक हसतो, लेखक कपाळाला हात लावतो, पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र चिकटवले जाते आणि विषय संपतो.

माझे म्हणणे असे की विषय तेथे संपू नये. ज्या चुकीला आपण हसतो ती आपल्याला दिसलेली असते. दिसलेली चूक वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. साहित्याच्या अभ्यासकाने ज्यांची धास्ती घ्यावी त्या चुका हसू आणत नाहीत, कारण त्या शुद्ध मराठीसारख्याच दिसतात. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे बोलली जाणारी मराठी आणि छापली जाणारी मराठी यांच्यामध्ये चांगले दोन कोसांचे अंतर आहे, हा प्रश्न केवळ छापखान्याचा राहत नाही. तो आपल्या वाङ्मयाच्या संहितेचा प्रश्न होतो.

पण आधी हसण्याजोग्या चुकांविषयी, कारण त्यांचेही एक शास्त्र आहे. प्रत्येक यंत्र आपापल्या जातीची चूक जन्माला घालते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही चूक डोळ्यांची असे. जुळारी उलटी अक्षरे वाचत स्टिकमध्ये ओळ जुळवी, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा आपापल्या खान्यात टाकले जात, आणि या परतीच्या प्रवासात 'घ' हा 'ध'च्या घरी, 'भ' हा 'म'च्या घरी मुक्कामाला जाई. पुढच्या जुळणीत हात सवयीने त्या खान्यात जायचा आणि 'घर'चे 'धर', 'भान'चे 'मान' होऊन बाहेर पडायचे. देवनागरीची अडचण अशी की तिला रोमनसारखी मोजकी अक्षरे पुरत नाहीत. जोडाक्षरे आली, काना-मात्रा-वेलांट्या आल्या, रफार आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशन प्रेसच्या टॉमस ग्रॅहमने अक्षरांचे तुकडे पाडून ती जुळवण्याची पद्धत मुंबईत आणली, तेव्हा खिळ्यांची संख्या आटोक्यात आली खरी. पण अक्षराच्या डोक्यावरचे चिन्ह हा स्वतंत्र, नाजूक आणि मोडका भाग झाला. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने टाइप कोरण्याची आणि ओतण्याची कला ज्या उंचीवर नेली, तिचे कौतुक आपण संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईसाठी करतो. ते कौतुक खरे तर डोक्यावरचा अनुस्वार डोक्यावरच राहावा यासाठी घेतलेल्या कष्टांचेही आहे.

या अनुस्वाराने मराठी समाजाला जेवढे अडचणीत आणले असेल तेवढे क्वचितच दुसऱ्या चिन्हाने आणले असेल. आपल्या भाषेत आदर हा अनेकवचनात राहतो आणि सामान्यरूपातले अनेकवचन एका ठिपक्यावर उभे असते. 'यांचे निधन' यातला ठिपका यंत्राच्या दाबाखाली तुटला की उरते 'याचे निधन', आणि गावातले प्रतिष्ठित गृहस्थ मरणोत्तर एकेरीवर येतात. 'वंदन'चे 'वदन' होते, 'नंदी'ची 'नदी' होते. ऑफसेट आल्यावर खिळा तुटण्याचे भय गेले, पण ठिपक्याचे भय गेले नाही. ऑफसेटमध्ये फिकट रंग किंवा छायाचित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. वर्तमानपत्री कागद शाई पितो, ठिपका पसरतो, आणि राखाडी चौकटीत आठ पॉइंटात बसवलेला मजकूर असेल तर कोणता ठिपका व्याकरणाचा आणि कोणता जाळीचा हे सांगायला भिंग लागते. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे काढण्याची आपल्याकडे भारी हौस आहे. त्यात शाई आतल्या बाजूला सरकते, अनुस्वार बुजतो, उकाराची गाठ भरते. त्यातही काळा रंग चारही शायांचा मिळून केलेला असेल आणि चार प्लेटा केसभर इकडेतिकडे सरकल्या असतील, तर मात्रेला निळी सावली आणि रफाराला लाल सावली पडते. श्रद्धांजलीच्या जाहिराती नेमक्या अशाच काळ्या पट्टीत असतात, ही निव्वळ योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देऊ.

संगणक आला आणि चूक डोळ्यांतून बोटांत उतरली. ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी नीट समजून घेतली पाहिजे. खिळ्यांच्या काळात दिसायला सारखी असलेली अक्षरे एकमेकांची जागा घेत. कळफलकाच्या काळात एकाच कळीवर राहणारी अक्षरे एकमेकांची जागा घेतात. इन्स्क्रिप्ट मांडणीत 'स' आणि 'श' एका कळीवर आहेत, 'ल' आणि 'ळ' एका कळीवर आहेत. दुसरे अक्षर हवे तर शिफ्टची कळ दाबायची. उच्चारानुसारी मांडणीत 'न' आणि 'ण' असेच शेजार करून राहतात. आता इन्स्क्रिप्टवर 'शाळा' हा शब्द घ्या. पहिल्या अक्षराला शिफ्ट दाबायची राहिली तर 'साळा' उमटते. दोन्ही अक्षरांना राहिली तर 'साला' उमटते. मुख्याध्यापकांच्या नावाआधी 'साला' आले की सगळे गाव हसते आणि पत्रके परत छापली जातात. 'साळा' आले तर मात्र कोणी हसत नाही. आमच्या भागात शाळेला साळाच म्हणतात.

येथून माझ्या विषयाला सुरुवात होते. पण संगणकाच्या आणखी दोन-तीन लीला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

नव्वदच्या दशकापासून मराठीची बहुतेक अक्षरजुळणी ज्या फॉन्टांत झाली, त्यांत मराठी अक्षर हे संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी आकार चढवलेले होते. बाहेरून धोतर-पागोटे, आत विलायती आसामी. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी या व्यवस्थांची नावे. प्रत्येकीचा वेश निराळा. एका व्यवस्थेतली फाइल दुसरीत उघडली की पागोटे गळून पडे आणि पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे यांचा उकिरडा दिसे. काही सॉफ्टवेअरना संगणकाच्या पाठीमागे लावायचे लहानसे कुलूप असे; ते हरवले की स्वतः टंकलेले स्वतःला वाचता येईना. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड समजत नसे. तरी तालुक्याच्या गावातून ती त्यानंतर पुष्कळ वर्षे नांदली, कारण जुनी सगळी कामे तिच्यात अडकलेली होती. युनिकोडमधला मजकूर तिच्यात चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग उभी राही.

मग रूपांतरक आले, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने. त्यांची परीक्षा मराठीच्या ज्या खास अक्षरावर होते ते म्हणजे 'ऱ्या'मधला आडवा, पापणीसारखा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही, त्यामुळे तो अनेकदा दुर्लक्षिला जातो आणि त्याचा रफार होतो. बालाघाटाच्या दऱ्यांत वाढलेल्या कवीच्या ओळीत त्यामुळे अचानक 'दर्या' उसळतो. बीड जिल्ह्यापासून समुद्र किती लांब आहे हे यंत्राला कोण सांगणार? 'आचाऱ्यांचा सत्कार' आणि 'आचार्यांचा सत्कार' यांत फरक तेवढ्याच पापणीचा आहे. आमच्या प्राध्यापकवर्गाला तो फरक मोठा वाटतो, स्वयंपाक्यांना विचारलेले नाही. शिवाय युनिकोडमध्ये हा आडवा र दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून 'दऱ्या' शोधायला गेलेल्या संशोधकाला निम्म्या दऱ्या सापडतात आणि निम्म्या सापडत नाहीत. आणि शोधून बदलण्याची आज्ञा! एका गौरवग्रंथाच्या जुळणीत संपादकांनी सांगितले की सर्वत्र 'सन'ऐवजी 'इ.स.' करा. एका आज्ञेत काम झाले. 'शासन'चे 'शाइ.स.' झाले, 'सिंहासन'चे 'सिंहाइ.स.', आणि मंगलप्रसंगी 'इ.स.ई' वाजू लागली. हे मुद्रित वेळेवर हाती आले म्हणून बरे.

असो. ज्यांच्या हातून हे घडते त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. आमच्याकडच्या छापखान्याला ऋतू असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे गेल्या की गावे ओस पडतात. त्या परतल्या की उन्हाळ्यात लग्नांची झुंबड. त्या दिवसांत लग्नपत्रिकेचा जॉब सकाळी येतो आणि संध्याकाळी हवा असतो. निमंत्रकांची नावे मोबाइलवर कळवली जातात, रात्री अकरा वाजता एक चुलते राहिल्याचे लक्षात येते, आणि प्लेट तर निघालेली असते. निवडणुका लागल्या की पत्रके. त्यांवर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ अ कलमाने बंधनकारक आहे, त्यामुळे त्या एका ओळीची शुद्धता मात्र डोळ्यांत तेल घालून तपासली जाते. वाढदिवसांचे फलक बारमाही. मराठीसाठी नीट न बसवलेल्या चित्रसंस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्दिक'ची वेलांटी 'द'च्या पुढे न येता मागे जाऊन बसते आणि 'शुभेच्‌छा'चा पाय मोडतो. तरी फलक चौकात लागतो, कारण फोटो बरोबर असतो.

या सगळ्या गर्दीत आमचा, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांचा, वाटा लहान नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर गुणांकाचा हिशेब सुरू झाला आणि चर्चासत्रांच्या विशेषांकांना पूर आला. शंभर शोधनिबंध, प्रत्येक निराळ्या फॉन्टात. परिपत्रकात एकच फॉन्ट सांगितलेला असतो, पण तो आमच्यापैकी कितीजण पाळतात हे ऑपरेटरला विचारावे. चर्चासत्र सकाळी दहाला, अंकाचे प्रकाशन उद्घाटनातच. अशा एका रात्री ऑपरेटर मुलाने मला विचारले होते, "सर, हे तीन पेपर उघडतच न्हाईत. त्यायच्या जागी कोरी पानं सोडू का? तसंबी कोन वाचायलंय?" त्याच्या साहित्यसमीक्षेला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

याच मुलाने एकदा एका कथेचे मुद्रित मला आणून दिले. कथा आमच्याच तालुक्यातल्या एका नव्या लेखकाची, महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी. म्हातारी आपले गहाण पडलेले घर सोडताना उंबऱ्यावर हात ठेवून म्हणते, हे 'मपलं' घर हाय. हस्तलिखितात स्वच्छ 'मपलं' होते. मुद्रितात 'आपलं' आले होते. आमच्याकडच्या बोलीत 'मपलं' म्हणजे माझे स्वतःचे, 'तुपलं' म्हणजे तुझे स्वतःचे. 'आपलं घर' म्हणणारी म्हातारी समोरच्या सुनेला, मुलाला, कदाचित सावकारालाही त्या घरात सामील करून घेते. 'मपलं घर' म्हणणारी कोणालाच घेत नाही. सगळी कथा त्या न घेण्यावर उभी होती. मी विचारले, हे का बदलले? तो म्हणाला, "सर, 'मपलं'खाली लाल रेघ यायली. 'आपलं' केलं की जाती." कथेत पुढे एका जागी 'तुपलं' होते, त्याचे 'तुपातलं' झाले होते, ते पाहून आम्ही दोघेही हसलो. 'आपलं'ला मात्र हस्तलिखित शेजारी नसते तर मीही अडखळलो नसतो. कोणताच वाचक अडखळला नसता. वाक्य शुद्ध होते, अर्थपूर्ण होते, आणि लेखकाचे नव्हते.

लक्षात घ्या, तो मुलगा स्वतः घरी 'मपलं'च म्हणतो. अज्ञानाने त्याने हा बदल केलेला नाही. छापील मराठीत आपल्या घरातले शब्द चालत नाहीत, ही शिकवण त्याने शाळेत घेतली, आम्हीच ती दिली, आणि लाल रेघेने तिच्यावर शिक्का मारला.

बदल उलट दिशेनेही होतो. 'पाणी', 'कोण', 'म्हणून' हे शब्द आमच्या बोलीत 'पानी', 'कोन', 'म्हनून' असे उच्चारले जातात, आणि शिफ्टची कळ दाबायची राहिली की छापील पानावरही तसेच उतरतात. मग ग्रामीण किंवा दलित कथेच्या छापील पानावर निवेदकाच्या प्रमाण मराठीत मध्येच एक 'पानी' दिसते तेव्हा अभ्यासकाने काय समजावे? निवेदक क्षणभर पात्राच्या भाषेत शिरला, की पहाटे तीन वाजता ऑपरेटरची करंगळी थकली? आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून 'निवेदनात बोलीचा अनियमित शिरकाव' अशा निरीक्षणांवर पानेच्या पाने लिहिली जातात. शैलीविज्ञानाच्या परिभाषेत ती शोभूनही दिसतात. त्यांतली काही निरीक्षणे करंगळीची असू शकतील, ही शक्यता तपासण्याचे साधन प्रबंधलेखकाकडे नसते आणि मार्गदर्शकाकडेही नसते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकन समीक्षक एफ. ओ. मॅथीसन यांनी १९४१ च्या आपल्या ख्यातनाम ग्रंथात हर्मन मेलव्हिलच्या 'व्हाइट-जॅकेट' कादंबरीतील एका प्रतिमेची फार सूक्ष्म प्रशंसा केली. समुद्रातल्या जीवाला मेलव्हिलने लावलेले 'मळलेला' हे विशेषण किती अनपेक्षित आणि किती भेदक, असा तिचा आशय होता. १९४९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने जुन्या आवृत्त्या पाहून दाखवले की मेलव्हिलचा शब्द 'वेटोळे घातलेला' असा होता. इंग्रजीत या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. म्हणजे मॅथीसन ज्या प्रतिभेने भारावले ती जुळाऱ्याची होती. तुलनेला १६३१ ची लंडनमध्ये छापलेली ती कुप्रसिद्ध बायबलची आवृत्ती घ्या, जिच्यात व्यभिचाराच्या आज्ञेतला नकार गळून पडला होता. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, प्रती शोधून नष्ट करण्यात आल्या. ती चूक अवघ्या जगाला दिसली, म्हणून तिच्यापासून कोणी बिघडले नाही. मॅथीसनची चूक आठ वर्षे कोणाला दिसली नाही, कारण ती सुंदर होती.

आणि आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जी जुनी पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणावरची. १९०९ मध्ये त्यांनी तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठशुद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या आधीची भाषा या पोथीत आहे असा राजवाड्यांचा दावा होता, आणि त्या छापील संहितेवर पुढे किती व्याकरण, किती वाद उभे राहिले हे मराठीच्या अभ्यासकांना सांगायला नको. शासनाने १९६० मध्ये काढलेली ज्ञानेश्वरीची प्रतही राजवाडे-संहितेवर आधारलेली होती. मूळ पोथी मात्र आज नाही. आपल्या हाती आहे ते छापील पुस्तक. त्यातले एखादे चमत्कारिक रूप पोथी लिहिणाऱ्याचे, राजवाड्यांच्या वाचनाचे, की जुळाऱ्याच्या हाताचे, हा प्रश्न विचारता येतो. उत्तर मिळवता येत नाही. हस्तलिखितांच्या शेवटी जुने लेखक संस्कृतात अशी विनवणी करीत की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. जुळाऱ्याला तेवढीही जागा कधी मिळाली नाही.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी स्वतःच्या हाताने आकृत्यांसह पंचीकरण लिहिले. १६१५ मध्ये दासोपंत गेले. चार शतके होऊनही त्यांनी काय लिहिले हे कापडावरून पाहता येते. आता गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याच जिल्ह्यात छापल्या गेलेल्या कथासंग्रहांची, गौरवग्रंथांची, वार्षिकांकांची स्थिती पाहा. हस्तलिखित लेखकाला परत मिळाले असेल तर मिळाले. पुष्कळदा ते छापखान्यात शाई पुसायला गेले. फाइल एखाद्या सीडीवर पेजमेकरमध्ये आहे, सीडी वाचणारे यंत्र नाही, फॉन्ट नाही, फॉन्टचे कुलूप नाही. उरली ती छापील प्रत, आणि तिच्यात 'मपलं' होते की 'आपलं' हे सांगणारा दुसरा साक्षीदार कोणी नाही.

युनिकोड आल्यामुळे हा प्रश्न सुटला असे म्हणणारे मित्र मला भेटतात. फाइल उघडण्याचा प्रश्न बराचसा सुटला, हे मान्य. अक्षरांच्या रूपांचा घोळही आटोक्यात येतो आहे. संगणकाबरोबर येणाऱ्या अनेक फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, त्यावर ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षररूपे प्रमाण करून दिली. पण प्रमाणीकरणाने बोलीचा प्रश्न सुटत नाही, तो तीव्र होतो. जुना पेजमेकर 'मपलं'ला काही म्हणत नसे, कारण त्याला मराठीच कळत नव्हती. नव्या यंत्राला मराठी कळते, आणि ती कोणती मराठी हे त्याला शिकवणाऱ्यांनी ठरवले आहे. मोबाइलचा कळफलक तर शब्द पुरा होण्याआधीच शुद्ध रूप पुढे करतो. यापुढच्या लेखकाचे हस्तलिखित म्हणजे तोच मोबाइल असणार. म्हणजे मुद्रितशोधकाने बदलण्याआधी, ऑपरेटरने बदलण्याआधी, लेखकाच्या अंगठ्याखालीच 'मपलं'चे 'आपलं' होईल आणि पडताळायला काहीच उरणार नाही.

साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून जे अठरा होतात त्यांत, एक नियम छपाईविषयीच आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांप्रमाणे. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि पाठ्यपुस्तकांसाठी तो सोयीचाही होता. पण 'मूळ' म्हणून जपण्याचा मान एका तारखेच्या अलीकडच्या लेखकाला नाही, ही समजूत त्यातून छापखान्यांत आणि वर्गांत रुजली असे मला वाटते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत जे अपार कष्ट घेतले, सुखठणकरांनी त्यासाठी पाठचिकित्सेची जी शिस्त घालून दिली, ती पुण्यात, मराठी मुलुखातच. त्या शिस्तीचा शतांश आपण आधुनिक मराठी कथेच्या वाट्याला येऊ दिलेला नाही. एखाद्या ग्रामीण कादंबरीच्या पहिल्या आणि पाचव्या आवृत्तीत संवादांची भाषा कितपत बदलली, हे पाहण्याची सवयच आपल्याला नाही. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले होते. १ मार्च २०२४ रोजी नवा कायदा येईपर्यंत ती ओळ पुस्तकांवर निमूटपणे छापली जात होती. आमच्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत लेखक, प्रकाशक, वर्ष येते; मुद्रक कोण आणि आवृत्ती कितवी हे येत नाही. पुण्यात जुळलेली मराठवाडी कथा आणि बीडला जुळलेली मराठवाडी कथा या दोन निराळ्या प्रक्रियांतून गेलेल्या असतात, हे त्या वगळलेल्या ओळीतूनच कळले असते.

एम.ए.च्या अभ्यासक्रमात मुद्रितशोधन कोठे कोठे शिकवले जाते, ते उपजीविकेचे साधन म्हणून. चुकांच्या खुणा कशा कराव्यात एवढ्यापुरते. माझी मागणी वेगळी आहे. विद्यार्थ्याला एक हस्तलिखित, त्याचे पहिले मुद्रित आणि छापील पान अशा तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचायला लावाव्यात, आणि कोणता बदल कोणाच्या हातचा असावा हे ओळखायला सांगावे. त्यासाठी कळफलक कसा असतो, फॉन्ट कसा मोडतो, प्लेट कशी निघते हे त्याला कळावे लागेल. हे तंत्रज्ञांचे काम आहे असे म्हणून टाळता येणार नाही. जुन्या मराठीच्या अभ्यासकाला मोडी यावी अशी आपण अपेक्षा करतो, त्याच न्यायाने.

त्या वार्षिकांकानंतर आमच्या विभागात एक पद्धत सुरू केली आहे. बोलीतला मजकूर जुळणीला देताना त्याच्यासोबत न बदलण्याच्या शब्दांची यादी द्यायची: मपलं, तुपलं, येळ, इहीर, साळा, जायलाव, करायलाव आणि असे बरेच. ऑपरेटरने ती यादी संगणकाच्या शब्दकोशात घालून टाकली, म्हणजे लाल रेघ येणार नाही. यादी घालून झाल्यावर त्याचा फोन आला. "सर, 'तुपलं' घातलं. पर आमच्या गावात 'तुहं' म्हन्तेत. ते बी घालू का?"